तलावाच्या तळाशी मकर

“अहो! अहो, पुढे जाऊ नका! तिथे बारा फूट खोल आहे!”

आवाज इतका कळकळीचा होता की ती खरोखरच जागच्या जागी थांबली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ब्रश, एक पाय उतारावर. मग तिनं खाली पाहिलं. तलावात थेंबभर पाणी नव्हतं. मागच्याच आठवड्यात तो उपसून कोरडा केला होता.

तिनं मान वर केली. काठावर एक उंच माणूस उभा होता. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, आणि आपण काय बोलून बसलो हे नुकतंच कळल्यामुळे गोरामोरा झालेला चेहरा.

“बुडायला लागले की हाक मारीन हं मी,” ती म्हणाली.

“सवय हो…” तो कानामागे खाजवत म्हणाला. “अकरा वर्षं हेच ओरडतोय. झोपेतसुद्धा ओरडतो म्हणे.”

“कोण म्हणे?”

“आई. दुसरं कोण म्हणणार? म्हणजे… दुसरं कोणी नाहीये.”

शेवटचं वाक्य जरा घाईघाईनंच आलं. न विचारता दिलेली ही माहिती तिनं ऐकली, न ऐकल्यासारखी केली, आणि उतारावरून खाली गेली. पण जाताना तिला उगाचच हसू येत होतं.

तो शहराच्या या सार्वजनिक तरणतलावाचा शिक्षक. लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणत. आणि ती फरशीची कारागीर. रंगीत दगडाच्या आणि काचेच्या, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांनी जमिनीवर चित्रं जडवतात ना, तशी जुनी चित्रं दुरुस्त करणारी. हे कसब मूळ तिच्या काकांचं. आईवडिलांच्या माघारी काकांनीच तिला वाढवलं आणि हाताला धरून काम शिकवलं. आता काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. त्यामुळे काका काठावर खुर्ची टाकून सूचना करायचे आणि गुडघे ती टेकायची.

तलाव ऐंशी वर्षांचा. डोक्यावर काचेचं छप्पर, भिंतींना हिरवट फरशा, आणि तळाशी मधोमध एक प्राणी. वीस फूट लांब. मागून मासा होता, यात वाद नव्हता. एकावर एक रचलेले खवले, वेटोळं घालून वर आलेली शेपटी. पण खांद्याच्या पुढे काहीच नव्हतं, नुसता निळ्या टाइल्सचा चौकोन. पंचवीस वर्षांपूर्वी खालचा पाइप बदलताना तेवढा भाग फोडला होता आणि वर सिमेंट ओतून मिळतील त्या टाइल्स डकवल्या होत्या. प्राण्याला सगळे मकर म्हणत. तेवढ्यानं भागत नव्हतं, कारण मकराचं डोकं कसलं, यावर दोन माणसांचं एकमत होईल तर शपथ. जुने फोटो होते, पण सगळे पाणी भरलेले. त्यात दिसायच्या त्या नुसत्या लाटा.

“मगर होती,” मास्तर दुसऱ्या दिवशी म्हणाला. तलाव बंद असल्यानं त्याला काम फारसं नव्हतं. तरंगत्या दोऱ्या धुवायच्या, फळ्या रंगवायच्या आणि सकाळी दहाला आज्यांचा वर्ग घ्यायचा. पोहायला शिकणाऱ्या नऊ आज्या होत्या. पाणी नाही म्हणून त्या काठावरच बाकावर पालथ्या पडून पाय मारायच्या. उरलेला वेळ मास्तर कुठेही घालवू शकला असता. तो तळाशी येऊन बसायचा.

“कशावरून मगर?”

“लांब तोंड आणि खाली दातांची रांग. सात वर्षांचा होतो तेव्हा बुडी मारून बोट लावलंय मी त्या दातांना.”

“आकाशातल्या मकर राशीचं चित्र पाहिलंय का कधी? पुढून बोकड, मागून मासा.”

“बोकड? पाण्यात?” मास्तरला तो प्राण्याचा अपमान वाटला. “आणि जुन्या कोरीव कामात असतो तो मकर? मगरीचा जबडा, हत्तीची सोंड?”

“तोही मकरच.”

“मग?”

“मग मला माहीत नाही,” ती ब्रश झटकत म्हणाली. “माहीत असतं तर तुमच्याशी कशाला बोलत बसले असते?”

“बसा हो,” तो म्हणाला. “माझी हरकत नाही.”

वरून काका खाकरले. “अंदाजानं डोकं बसवायचं नाही, सांगून ठेवतो. करायला जायचा गणपती आणि व्हायचा मारुती!”

असे दिवस जात होते. छपरावर अधूनमधून पावसाची सर वाजायची आणि तळाशी बसलेल्या दोघांना आपण पाण्याखाली बसलोय असंच वाटायचं. तो तिच्यासाठी चहा आणायचा. काकांसाठीही आणायचा, पण काकांचा कप आधी द्यायला विसरायचा. एकदा त्यानं विचारलं, “पोहता येतं का तुम्हाला?”

“येतं की. नदीकाठी वाढले मी.”

“अरेरे…” त्याचा चेहरा पडला. “गेली एक विद्यार्थिनी.”

ती मान खाली घालून तुकडे घासत राहिली. पण त्या दिवशी एकच खवला तिनं चार वेळा घासला, हे काकांच्या नजरेतून सुटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. शेपटीवरचा जुना थर निघाला आणि खवल्यांच्या गर्दीत एक तुकडा वेगळाच चमकला. काचेचा, आत सोन्याचा वर्ख भरलेला. मग हातभर अंतरावर दुसरा. पोटाजवळ तिसरा. नक्षी म्हणावी तर त्यात काही क्रम नव्हता, चूक म्हणावी तर कोणी सोनं चुकून लावत नाही. तिनं प्रत्येकाभोवती खडूनं गोल काढला. नऊ झाले.

“मास्तर, त्या उडीच्या फळीवर चढू का?”

“चढा. पण उडी मारू नका, तिथे—”

“बारा फूट खोल आहे. माहीत आहे.”

फळीच्या टोकाशी ती उभी राहिली. मागून फळी हलू नये म्हणून तो दुसऱ्या टोकाशी पाय रोवून उभा राहिला. वरून नऊ गोल एकदम दिसले आणि तिनं श्वास रोखला. मुलं कागदाची होडी करतात, तसा आकार होता. होडीचा मागचा भाग पुरा, पुढचा तुटलेला.

“तारे आहेत ते,” ती हळूच म्हणाली. “मास्तर… त्यानं प्राण्याच्या अंगात तारे बसवलेत.”

दुपारी तिनं वाचनालयातून आकाशाचा नकाशा आणला. बोट ठेवून ताडून पाहिलं. नऊच्या नऊ तारे जिथल्या तिथे. मकर रास! मग उरलेले तारे कुठे असणार हेही उघडच होतं. नकाशात पुढच्या टोकाला, कपाळावर, दोन तारे अगदी शेजारी शेजारी होते. तिथे आता निळ्या टाइल्स होत्या.

“खरी दिसेल का हो ती रास?” मास्तरनं विचारलं.

“याच दिवसांत दिसते. दिवेलागणीनंतर, दक्षिणेकडे. पण अंधूक असते.”

“गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. मग काकांकडे पाहत म्हणाला, “काकांनीही यावं…”

“एकसष्ट पायऱ्या आहेत,” काका म्हणाले. “तुम्ही जा. मला इथूनच सगळं दिसतंय.”

सात वाजून गेले होते. पाऊस पडून आकाश धुतलं गेलं होतं. गच्चीवर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या तरंगत्या दोऱ्या, आणि ओल्या सिमेंटचा वास. ती नकाशा धरून दिशा शोधत होती, तो तिच्यासाठी विजेरी धरून उभा होता आणि विजेरीचा उजेड नकाशापेक्षा तिच्या मनगटावरच जास्त पडत होता.

“दिसली! ती पाहा… टाकीच्या वर.”

“कुठे? मला नुसते ठिपके दिसतायत.”

“ठिपकेच असतात. माणसं त्यात बोकड बघतात.” ती हसली. “हजारो वर्षांपूर्वी दोन नद्यांच्या मधल्या देशात लोक राहायचे. त्यांनी पहिल्यांदा इथे हा प्राणी पाहिला. गोड्या पाण्याच्या देवाचा, शहाणपणाच्या देवाचा तो प्राणी. आजूबाजूलाही सगळं पाणीच आहे बघा. इकडे घागर ओतणारा, तिकडे मासे, त्याच्याखाली देवमासा. सूर्य आकाशाच्या या भागात आला की त्यांच्याकडे पावसाचे दिवस यायचे. म्हणून त्यांनी वर समुद्रच मांडला.”

“आणि बोकड त्यात कसा पडला?”

“ती दुसऱ्यांची गोष्ट. एक बोकडपायी देव होता. राक्षस अंगावर आला म्हणून त्यानं नदीत उडी टाकली. मासा व्हायचं ठरवलं होतं, पण घाबरलेला. पाण्याखाली गेला तेवढाच मासा झाला, वरचा राहिला बोकड.”

“म्हणजे कपडे न बदलता उडी मारली,” मास्तर गंभीरपणे म्हणाला. “असे रोज चार येतात माझ्याकडे.”

ती इतकी हसली की नकाशा हातातून निसटला. दोघं एकदमच वाकले. कपाळावर कपाळ आपटलं.

“लागलं?”

“नाही… तुम्हाला?”

“थोडंसं,” तो म्हणाला. आवाज मात्र दुखल्यासारखा नव्हता.

मग तिनं त्याला ते दोन तारे दाखवले, कपाळावरचे. साध्या डोळ्यांना एकच वाटतो. नीट पाहिलं की दोन. “एकमेकांना चिकटून बसल्यासारखे दिसतात ना? पण एकाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला शंभरेक वर्षं लागतात आणि दुसऱ्याचा त्याच्या कितीतरी पट. एक अलीकडे, एक खूप खूप मागे. आपण जिथून बघतो तिथून ते शेजारी वाटतात, एवढंच.”

तो बराच वेळ वर बघत राहिला. “वाईट आहे हे,” शेवटी म्हणाला. “म्हणजे… ताऱ्यांसाठी.”

खाली आल्यावर काका खुर्चीतून उठता उठता म्हणाले, “जुन्या पोथ्यांत मदनाच्या झेंड्यावर मकर असतो. ठाऊक आहे ना मास्तर?”

“नाही… नव्हतं ठाऊक.”

“आता झालं,” काका म्हणाले आणि काठी शोधू लागले.

चार दिवसांनी तलावाच्या मॅनेजरबाई तळाशी आल्या. उंच टाचांच्या चपला काढून, हातात घेऊन, अनवाणी आल्या, तेव्हाच तिला कळलं की बातमी वाईट आहे.

“तलाव समितीचा विचार बदललाय,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी बैठक आहे. चित्रावर साधी निळी फरशी घालायची म्हणतायत. आठवड्यात काम आटोपेल आणि पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेआधी तलाव सुरू होईल. मला वाईट वाटतंय गं. पण पोहणाऱ्यांकडूनच तसा अर्ज आलाय.”

“कोणी केला?”

मॅनेजरबाईंनी कागद पुढे केला. ‘चित्राचे काम लांबणार असल्यास तळ साध्या फरशीने झाकून घ्यावा व तलाव लवकर खुला करावा, ही नम्र विनंती.’ खाली सही. सहीखाली हुद्दा: जलतरण शिक्षक. तारीख त्याच्या-तिच्या भेटीच्या आदल्या दिवसाची.

तो दोन कप चहा घेऊन उतारावरून येत होता. तिच्या हातातला कागद त्यानं लांबूनच ओळखला आणि तो तिथेच थांबला.

“तुमचं अक्षर छान आहे,” ती म्हणाली.

“ऐका तरी… तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं तयार केलेली मुलं आहेत, स्पर्धा तोंडावर आली होती—”

“तेव्हाचं राहू द्या. तेव्हा तुम्ही मला ओळखत नव्हता. पण नंतर? गच्चीवर? एवढे दिवस इथे बसून चहा प्यायलात, सांगायला तोंड नव्हतं?”

“होतं. पण ते तुमच्याशी बोलण्यात…” त्यानं वाक्य सोडून दिलं. हे हसण्यावारी नेण्याचं प्रकरण नाही, हे त्यालाही कळत होतं. “वाटलं, समिती काही वाचत नाही. पडून राहील कागद. मग जसजसे दिवस गेले तसं सांगणं जास्तच अवघड झालं. भ्यालो मी.”

“चहा तिथेच ठेवा,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली. झाकलंच जाणार असलेलं चित्र ती संध्याकाळपर्यंत घासत होती. का, ते काकांनीही विचारलं नाही. चहा गार होऊन त्यावर साय धरली.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलाशी पाच माणसं बसली होती. काका आणि ती भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. तिनं नकाशा आणला होता, नऊ ताऱ्यांचं चित्र काढून आणलं होतं. अध्यक्षांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. “सुंदर आहे हो. पण पाणी भरल्यावर कोणाला दिसणार?”

तेवढ्यात दार उघडलं. मास्तर आत आला आणि त्याच्यामागून एकामागून एक नऊ आज्या. खोलीत खुर्च्या तेवढ्या नव्हत्या. समितीतली दोन माणसं संकोचून उठली.

“तो अर्ज माझा आहे,” मास्तर म्हणाला. बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. “मी तो मागे घ्यायला आलोय.”

“अहो, पण स्पर्धेला तलाव हवा असं तुम्हीच लिहिलंय.”

“हवा होता. काल मुलांच्या घरी गेलो, एकेका घरी. यंदा आम्ही उतरत नाही. सराव गावाबाहेरच्या तळ्यात होईल, सकाळी सहाला. पुढच्या वर्षी बघू.” तो थांबला. “अर्ज लिहिला तेव्हा मी तळाला काय आहे ते पंचवीस वर्षं नुसतं पायाखाली घातलं होतं. बघितलं नव्हतं.”

“आणि माझं ऐका,” आज्यांमधली सगळ्यांत बुटकी बाई पुढे झाली. ती निवृत्त नर्स होती आणि तिच्या आवाजापुढे भले भले डॉक्टर सरळ झाले होते. “दोन वर्षं झाली, मी पोहायला शिकतेय. अजून तोंड पाण्यात घातलेलं नाही. का घालू? खाली बघायला आहे काय? निळ्या टाइल्स? त्या माझ्या न्हाणीघरात आहेत. खाली तारे असतील तर घालीन तोंड. लिहून देते.”

कोणीतरी हसलं. मग अध्यक्षही हसले. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर बारा दिवस मिळाले. एक दिवसही जास्त नाही.

बाहेर जिन्यात तो मागे रेंगाळला. ती त्याच्याजवळ येऊन थांबली.

“याचा अर्थ माझा राग गेला असा नाही.”

“माहीत आहे.”

“तीन वर्षं तयार केलेली मुलं…”

“दोघं रडली. एक माझ्याशी बोलत नाहीये.” तो क्षीणसा हसला. “माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या वाढतेय.”

तिनं ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसली असती. “उद्या नऊला या. टाइल्स काढायच्यात. हातोडी तुम्ही धरा.”

“शिक्षा?”

“मजुरी.”

निळ्या टाइल्स पटापट निघाल्या. सिमेंट मात्र हट्टी होतं. ती बारीक छिन्नी लावायची, तो हळूच ठोकायचा. इतका हळू, की काका वरून ओरडले, “मास्तर, अंडं नाही ते!” दुसऱ्या दिवशी दुपारी सिमेंटचा एक मोठा पापुद्रा सुटून तिच्या हातात आला आणि तिनं त्याला खुणेनं थांबवलं.

खाली जुना चुना होता. पाइपसाठी कामगारांनी कडेलाच खणलं होतं; मधे नुसते वरचे तुकडे फोडले होते, पण ज्या चुन्यात ते बसवले होते तो थर तसाच होता. आणि त्या चुन्यात प्रत्येक तुकड्याचा ठसा राहिला होता. मधाच्या पोळ्यासारखे शेकडो रिकामी घरं. तिनं ब्रशनं धूळ झाडली. एक वळण दिसू लागलं, मग दुसरं. मागे वळलेलं शिंग. कान. लांबट तोंड. आणि कपाळावर, चुन्यात घट्ट रुतून बसलेला सोन्याच्या काचेचा एक तुकडा, अजून जागेवर! शेजारी दुसऱ्याची रिकामी जागा.

“बोकड,” ती कुजबुजली. “काका, बोकड आहे!”

मास्तर गुडघ्यांवर बसून त्या तोंडाच्या खालच्या बाजूला पाहत होता. तिथे लांब, अणकुचीदार तुकड्यांच्या ठशांची रांग होती. त्यानं एकात बोट घातलं.

“हेच ते,” तो म्हणाला. “हेच दात.”

“ती दाढी आहे, मास्तर.”

त्याचं बोट ठशातच राहिलं. मग तो बोलू लागला तेव्हा आवाज वेगळाच होता. “माझ्या आधी बाबा इथे मास्तर होते. मला पाण्याची फार भीती. पाय हलवायचोच नाही, नुसता काठाला लटकायचो. मग एक दिवस बाबा म्हणाले, खाली मगर आहे. पाय हलवत राहिलास तर काही करत नाही. थांबलास की धरते. वर्षभर मी थांबलो नाही हो… एकदा हिय्या करून बुडी मारली, दातांना बोट लावलं, आणि असा काही वर आलो, की बाबांनी घड्याळ लावलं असतं तर विक्रम झाला असता.” तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. “सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटपर्यंत सांगितलं नाही. बोकडाला भिऊन पोहायला शिकलो मी!”

तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. हात चुन्यानं पांढरा होता. त्यानं हात काढून घेतला नाही, तिनंही नाही. वर काका होते, पण ते अचानक छपराच्या काचा मोजू लागले होते.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती तुकडे कापायची, तो रंगांप्रमाणे डब्यांत लावायचा. शिंग झालं, कान झाला. डोळ्यासाठी तिनं सात तपकिरी काचा नापसंत केल्या आणि आठवी बसवल्यावर बोकड एकदम बघायलाच लागला, जरासा दचकलेला, जरासा मिश्कील. कपाळावरचा दुसरा तारा काकांनी स्वतः बसवला. मास्तरनं त्यांना धरून उतारावरून खाली आणलं तेव्हा काका वाटभर कुरकुरत होते आणि तारा बसल्यावर वाटभर गप्प होते.

बाराव्या दिवशी पाणी सोडलं. तलाव भरायला दोन दिवस लागतात. पाणी कोपऱ्यातल्या तोंडातून संथ येत होतं. आधी खोल बाजूचा उतार भिजला, मग शेपटीचं टोक. ती काठावरच्या पायरीवर बसली होती. हत्यारं धुऊन, पुसून टेम्पोत गेली होती. पुढचं काम पाच तासांवरच्या शहरात होतं, एका जुन्या रुग्णालयाच्या दालनाची फरशी. दीड वर्षाचं काम. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं आणि दोघांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता.

तो येऊन एक पायरी सोडून बसला. पाण्याचा आवाज ऐकत राहिला.

“आज मास्तरांचे शब्द संपले वाटतं,” ती म्हणाली.

“संपले नाहीत. रांगेत उभे आहेत. पहिलाच हलत नाहीये, म्हणून मागचे सगळे अडकलेत.”

“मग मागचा कोणीतरी आधी येऊ दे.”

त्यानं खोल श्वास घेतला, बुडी मारण्याआधी घेतात तसा. “मला तुमची आठवण येईल… नाही. हे चुकलं. येईल नाही, येतेच आहे. तुम्ही इथे समोर बसला आहात आणि मला तुमची आठवण येतेय. हे असं होतं का कोणाला?”

खाली पाणी खवल्यांवरून पुढे सरकत होतं. एकेक सोनेरी ठिपका पाण्याखाली जाताना आधी विझल्यासारखा व्हायचा आणि मग जास्तच उजळायचा. तिनं ते पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

“माझं वाक्य छोटं आहे,” ती म्हणाली. “तू मला आवडतोस.”

तो एकदम तिच्याकडे वळला. “तू… म्हणालात?”

“म्हणाले.”

“पुन्हा म्हणा ना.”

“पुन्हा म्हण, असं म्हणतात.”

“पुन्हा म्हण,” तो म्हणाला, आणि मधली पायरी आता मधे राहिली नाही. ती पुन्हा म्हणाली, पण इतक्या हळू, की ऐकू जायला त्याला अगदी जवळ यावं लागलं. काचेच्या छपरातून ऊन पाण्यावर आलं आणि पाण्यावरून उडून दोघांच्या चेहऱ्यांवर हलत राहिलं.

“दीड वर्ष,” थोड्या वेळानं ती म्हणाली. “काम सोडणार नाही मी. आवडतं मला ते.”

“कोण सोड म्हणतंय? तू सोडलंस तर मीच अर्ज करीन समितीकडे.”

“अर्जाचं नाव काढू नकोस.”

“नाही काढत. शनिवारी वर्ग नसतो मला. सकाळी सहाची बस आहे, अकराला तिथे पोहोचते. विचारून आलोय.”

“कधी विचारलंस?”

“बोकड सापडला त्या दिवशी.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “एक शनिवार तू ये,” ती म्हणाली. “दुसऱ्या शनिवारी मी येईन. एकट्यानंच का पाच तास धक्के खायचे?”

बाहेर टेम्पोचा कर्णा वाजला. एकदा, दोनदा, मग थांबून एकदा. काका ड्रायव्हरशेजारी बसून कंटाळले होते. ती उठली. त्यानं तिची पिशवी दारापर्यंत आणली, टेम्पोत चढवली, काकांच्या पाया पडला आणि गडबडीत ड्रायव्हरशीही हात मिळवला.

टेम्पो निघाला. शहर मागे पडेपर्यंत काका समोर बघत होते. मग म्हणाले, “काय म्हणाले मास्तर?”

“शनिवारी येतोय.”

तो ‘येतोय’ काकांनी ऐकला. बरोबर ऐकला. पण चेहरा हलू दिला नाही.

“कशाला?”

“उगाच.”

“हं.” काकांनी गुडघे चोळले, खिडकीची काच जराशी खाली केली, पुन्हा वर केली. “नवं काम आहे, खोळंबा नको. पण आता पाहुणाच येतोय म्हटल्यावर… शनिवारी अर्धा दिवस सुट्टी घे.”

“पूर्ण,” ती म्हणाली.